टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी

६ जानेवारी, सोमवार

आज बायकांचा नाताळ. बायकांनी पाय वर घेऊन बसायचं, घरकाम पुरुषांनी करायचं. माझ्या घरात पुरुष म्हणावा असा, घर गरम ठेवणारा एक बॉयलरच — तो सकाळी सहाला दोनदा खोकला आणि बसला गप्प. लाल दिवा. लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. एकूण नऊ वेळा. अख्खा आयर्लंड नऊ वेळा दाबतो आणि दुरुस्तीवाल्याला सांगतो, "एकदाच दाबलं हो!"

बाहेर उणे पाच. टाकीचा काटा म्हणतो, रॉकेल अर्ध्यावर आहे. मग पेटत का नाही?

आणि हे नेमकं आत्ताच! खुब्याचं हाड मोडल्यापासून आई गावातल्या शुश्रूषागृहात आहे. शनिवारी, १८ला, घरी यायची. आदल्या दिवशी नर्स घर बघायला येणार. घर थंड असेल तर आईला सोडणार नाही म्हणते. बाई गोड आहे, पण पर्समध्ये थर्मामीटर घेऊन फिरते.

७ जानेवारी

कोलमनला फोन केला. पंचक्रोशीतले सगळे बॉयलर त्याच्या हातात आहेत. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, माझ्या वेणीला दोरा बांधायचा. "उद्या येतो गं, असम्प्टा." आमच्याकडे उद्या हा वार नसतो, स्वभाव असतो.

डब्लिनहून भाऊराया — उल्तान. "एवढी धावपळ कशाला करतेस? आई मजेत आहे तिथं."

"आई म्हणजे काय कुत्रा आहे का रे, सुट्टीवर जाताना कुणाकडे ठेवून जायला?" म्हटलं, आणि फोन आपटला. फार बरं वाटलं. उजवा हात तेवढा गरम झाला.

८ जानेवारी

कोलमन आला नाही. कोट घालून जेवले, कोट घालून निजले.

१० जानेवारी, शुक्रवार

आला! दारातच म्हणाला, "चहा नको." मी आग्रह केला. "नको गं, खरंच नको." तिसऱ्यांदा विचारल्यावर तीन चमचे साखर आणि सोबत केक. हे सगळं झाल्याशिवाय टाकीकडे बघायचं नाही, असा शिरस्ताच आहे.

टाकीखालची गाळणी उघडली. आत बर्फाचा गोळा.

"असल्या थंडीत रॉकेल गोठत नाही, बाईसाहेब. हे पाणी आहे."

एका लांब काठीला त्यानं कसलासा लेप लावला आणि ती टाकीत बुडवली. पाणी लागलं की लेप लाल होतो म्हणे. चार बोटं लाल! पाणी तळाशी, रॉकेल त्याच्यावर, आणि नळी तळातूनच निघते. म्हणजे मी बॉयलरला पाणी पाजत होते.

"टाकीचं झाकण कोण उघडतं?"

"कोण उघडणार? कुणी नाही."

कोलमननं गाळायच्या जाळीनं आत ढवळलं आणि एक इवलंसं निळं प्लॅस्टिकचं बूच वर काढलं. मुकुटाच्या आकाराचं. तीर्थक्षेत्री पवित्र पाणी मिळतं ना मेरीमातेच्या मूर्तीसारख्या बाटलीत — तिचं बूच! कोलमननं टोपी काढली. मग मान फिरवून हसत सुटला. गाडीच्या टपाला धरून हसला मेला!

आईला फोन.

"आई, तू टाकीत पवित्र पाणी ओततेस?"

"दर वेळी टाकी भरली की एक बाटली. तुझे बाबा गेल्यापासून."

"कशाला?"

"पुरावं म्हणून!"

"आणि झाकण घट्ट लावतेस का? पाऊस पण गेलाय आत. त्या पाण्यानंच बंद पडलंय सगळं."

"आज बंद पडलं ते दिसतं तुला. चोवीस वर्षं चाललं ते नाही दिसलं!"

मागे कोणीतरी खदाखदा हसत होतं. "ठेवते गं, माझी उतारी आहे. आणि घाई नको करूस. काम नीट होऊ दे." बिचारी! मला त्रास नको म्हणून आनंदी आवाज काढते.

११ जानेवारी

पाणी पंपानं उपसलं. दोन पिंपं भरली. आता पेच — रॉकेल मिसळलेलं पाणी जमिनीत ओतायला कायद्यानं बंदी, आणि पवित्र पाणी कचऱ्याच्या गाडीत द्यायला कोलमन तयार नाही. "माझ्या हातून नाही होणार." शेवटी फादरना फोन लावला. ते म्हणाले, "रॉकेल मिसळलं की ते माझ्या खात्यातून गेलं." पिंपं गाडीत चढली.

१३ जानेवारी

टाकी स्वच्छ, गाळणी नवी, आणि बॉयलरपर्यंत थेंब नाही! पायवाटेखालून गेलेली तांब्याची नळी झिजली आहे. पाणी तिच्यात गोठलं आणि ती फुटली. कोबीच्या वाफ्याला रॉकेलचा वास. आणि मी चार दिवस म्हणत होते, यंदा कोबीला काय चव आहे!

खणायचं होतं बारा मीटर. कोलमनची कंबर धरलेली. मग मी खणलं, त्यानं सल्ला दिला. सल्ल्याला कंबर लागत नाही.

उल्तानचा पुन्हा फोन. "असम्प्टा, आईशी एकदा नीट बोल ना."

"खड्ड्यात आहे मी," म्हटलं. खरंच होते.

१५ जानेवारी

नवी नळी घातली — प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली. आग लागली तर आपोआप मिटणारी झडपही बसवली. मग नळीतली हवा काढायची. कोलमननं बर्नरचा स्क्रू सैल केला, मी डबा धरला. फुस्स. फुर्र. थू थू. पुन्हा फुस्स. आणि मग एकसलग धार!

बटण दाबलं. एकदाच.

हुप्प! पेटला!

मी नाचले. कोलमन तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला. सभ्य माणूस.

१७ जानेवारी

नर्स. थर्मामीटर. एकवीस अंश! तिनं सही केली, दोन स्वेटर काढले आणि तासभर उठलीच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आई आली!! खालच्या खोलीत पलंग लावला होता. कोबी दुकानातला. तिनं आधी रेडिएटरवर हात ठेवला. "बघ, लागू पडलं की नाही माझं पाणी?" मी वाद घातला नाही. माझ्या इतिहासात प्रथमच.

जेवल्यावर खुर्चीतच घोरायला लागली. रेडिओ बंद करून मी ते ऐकत बसले. दोन महिने या घरात माझ्याशिवाय कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

आईला संध्याकाळी परत शुश्रूषागृहात सोडून आले. तिथली खोली तिनं कायमची घेतली आहे — स्वतःच, डिसेंबरातच. उल्तानला ठाऊक होतं. "मीच म्हटलं त्याला, असम्प्टाला मी सांगेन. पण तू त्या टाकीत इतकी रमली होतीस गं!"

बॅग मीच भरून दिली. म्हणाली, उन्हाळ्याचे कपडेही घाल.