आठ नंबरचे बूट

अण्णा,

रविवारी सकाळी धाकट्याला फोन केला होता. तो नांदेडला, मी लातूरला, त्यामुळे आम्हा बहीणभावाचं बोलणं रविवारवरच असतं. त्याच्या पोरांच्या परीक्षा, नळाचं पाणी, ऑफिसातल्या बदल्या, असं सगळं झालं आणि मग मी नेहमीचं विचारलं, "बूट घालून राहिलास ना रे?" तो म्हणाला, "हाव अक्का, पायातच हायत." तेवढ्यात कुणीतरी त्याचं दार वाजवलं. तो बोलत बोलतच उठला आणि मला फोनमधून ऐकू आली ती फरशीवर फटक फटक वाजणारी रबरी चप्पल. दारापर्यंत गेली, परत आली. मला ऐकू गेलं हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं लगेच विषय बदलला, "तिकडं ऊन कसं काय?"

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. माय गेली त्यालाही सहा झाली. धाकट्याचे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे आहेत आणि शुगर त्याला तुमच्याहून लवकर लागली. मागच्या हिवाळ्यात त्याच्या चपलेतून बारीक खिळा वर आला होता. तो खिळा पायात घेऊन माणूस दिवसभर ऑफिसात फिरला, बाजार करून घरी आला आणि पाय धुताना मोरीत लाल पाणी दिसलं तेव्हा त्याला कळलं. बायको घाबरली, तिनं मला फोन केला, मी सुट्टी टाकून नांदेडला गेले. डॉक्टरांनी त्याच्या तळव्याला कापूस लावून विचारलं, काही कळतंय का. तो डोळे मिटून बसला होता. म्हणाला, "लावलात का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, चप्पल बंद करा, पायाचं माप देऊन आतून मऊ असे बूट करून घ्या, पैसे जास्त पडतील पण पाय राहील. बाहेर आल्यावर धाकटा जिन्यावर थांबला आणि मला म्हणाला, "अक्का, महागाच्या बुटानं आपल्या घरात काय केलं ते तुला ठाऊक हाय." त्यानं मला बोल लावला नाही. त्याच्या आवाजात तसं काहीच नव्हतं. पाऊस येईल असं वाटतं, असं म्हणावं तसं तो म्हणाला आणि खाली उतरला.

मुदखेडला आपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाचे तुमचे पाय मला आठवतात. तुम्ही चावीवाले होतात. रोज पहाटे निघायचं, आपल्या वाट्याचा रूळ पायी तुडवायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील त्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या आणि दुपारी परत यायचं. सगळी वाट खडीची. नोकरीत बूट मिळायचे, पण ते तुम्ही बिलोलीकडं गावात राहणाऱ्या मोठ्या काकांना देऊन टाकायचात. "त्याला काट्याकुट्यात फिरायचं असतंय," म्हणायचात. स्वतः मात्र टायरच्या तळाच्या चपला. वर्षानुवर्षं खडीवर चालून तुमचा पाय पुढं पंख्यासारखा पसरला होता. करंगळी तर चपलेच्या बाहेरच असायची. दुपारी तुम्ही ओट्यावर पाय धूत बसायचात तेव्हा मी टाचेच्या भेगांत बारीक काडी घालून खडे काढायचे आणि तुम्ही हसायचात. गुदगुल्या होतात म्हणायचात. म्हणजे तेव्हा तुम्हाला कळत होतं.

आमच्या पायांचं मात्र वेगळं होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तुम्ही आम्हा दोघांना नांदेडला घेऊन जायचात आणि चामड्याचेच बूट घ्यायचात. माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "एवढ्यात अजून एक जोडी आली असती." तुम्ही म्हणायचात, "स्वस्ताचे दोनदा घ्यावे लागतात." दुकानदार पाय मोजायचा, पण तुमचा त्याच्यावर भरवसा नसायचा. तुम्ही स्वतः खाली बसायचात, बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायचात आणि आम्हाला दारापर्यंत चालून यायला लावायचात. पाचवीत असताना मला बक्कलाचे बूट आवडले होते आणि माझ्या मापाचा जोड संपला होता. एक नंबर लहान होता. मी म्हणाले, मला चालतील, मला होतात. तुम्ही सगळ्या दुकानासमोर आवाज चढवलात, "पाय वाढतो बाई, बूट वाढत न्हाई. चावणारी वस्तू कितीबी देखणी असू दे, पायात घालायची न्हाई." परत येताना गाडीत मी तुमच्याकडं पाठ करून बसले. तुम्ही शेंगा सोलत होतात आणि दाणे माझ्या फ्रॉकच्या घोळात टाकत होतात. मी ते खाल्ले, पण वळले नाही.

मग मी शिकले, लातूरला कॉलेजात नोकरीला लागले आणि आठ वर्षांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. तुम्ही रिटायर झाला होतात. शुगर होती, गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे झालं असं आपण सगळेच समजत होतो. घरात राहायला जायच्या दिवशी बुद्धवंदना ठेवली होती, माझ्या कॉलेजातली माणसं येणार होती, आणि माझ्या मनात होतं की त्या दिवशी तुमच्या पायात चांगले बूट असावेत. तुम्हाला न सांगता आणायचे होते. म्हणून दोन दिवस आधी सकाळी तुमची तेव्हाची रबरी चप्पल उलटी करून तळावरचा नंबर पाहिला. आठ. लातुरात तेव्हा बुटांचं मोठं काचेचं दुकान नवंच झालं होतं, तिथून आठ नंबरचे तपकिरी चामड्याचे बूट घेतले. माझ्यासाठीही मी कधी तेवढ्याचे घेतले नव्हते. तुम्ही खोकं उघडलंत, चामडं नाकाशी नेऊन वास घेतलात आणि किंमत विचारली. मी अर्धी सांगितली. तरी तुम्ही म्हणालात, "लई झाले की गं."

वंदनेच्या दिवशी तुम्ही पायरीवर बसून बूट घालताय. मी हातात हारांची परडी घेऊन आतबाहेर करतेय. तुमची टाच आत जात नाही, तुम्ही मागून बोट घालून ओढताय. मी विचारते, "बसतात ना, अण्णा?" तुम्ही वर बघता आणि म्हणता, "बसले की. झकास हायत." खरंच तुम्हाला काही होत नव्हतं. वंदना झाली, जेवणं झाली, आणि तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारात उभे. येणाऱ्याला हात जोडायचे, जाणाऱ्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत जायचं. माझ्या प्राचार्यांना तुम्ही पाय पुढं करून दाखवलेत, "पोरीनं घेतले." शेवटचे पाहुणे गेल्यावर बूट काढले तर मोजा पायाला चिकटला होता. करंगळीच्या बाजूनं सगळं सोललं होतं. तुम्हीच नवलानं पाहत होतात. म्हणालात, "मला तर काहीच लागलं न्हाई." आणि आम्हाला ते ऐकून बरं वाटलं, अण्णा. दुखत नाही ना, मग काय नाही. मायनं हळद लावली. दुसऱ्या दिवशी तुम्ही चप्पल घालून मुदखेडला गेलात.

आठ दिवसांनी मायचा फोन आला, तुम्हाला ताप आहे आणि पायाला वास येतोय. नांदेडला नेलं. आधी करंगळी गेली, मग शेजारची दोन बोटं, मग गुडघ्याखालून पाय. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, एवढ्यावर थांबेल. दर वेळी मी लातूरहून बसनं यायची, सही करायची आणि परत जाऊन वर्गात शिकवायची. पाय काढल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या पलंगाजवळ बसून रडत होते, बुटाचं काहीतरी बोलत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "बूट चांगलेच होते, बाई. पायच नासका निघाला." वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही गेलात.

ते बूट मायनं टाकले नाहीत. मोठ्या काकांच्या मुलाला ते बरोबर झाले. त्यानं सात वर्षं घातले, दोनदा तळ बदलून घेतला. एका लग्नात तो भेटला तेव्हा पाय उचलून मला म्हणाला, "ताई, चीज लई नंबरी हाय बघ. पैसा वसूल." मी हो म्हणाले. मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये असाच विषय निघाला होता. एका मॅडमच्या मुलानं भारी किमतीचे बूट मागितले होते आणि सगळ्या आपापलं सांगत होत्या. एक म्हणत होती महागाचे टिकतात, दुसरी म्हणत होती निव्वळ नावाचे पैसे. मला विचारलं तर मी तास आहे म्हणून उठले. मला तास नव्हता. तुमच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की शुगर आत कितीतरी वर्षं असणार, पायाची जाण आधीच गेली होती, जखम कशानंही झाली असती, चपलेनंही. आधीपासून चांगले, मापाचे बूट वापरले असते तर कदाचित वेगळं झालं असतं, असंही ते म्हणाले. म्हणजे स्वस्ताच्या चपलेनं पाय नेला की महागाच्या बुटानं, की दोघांनी मिळून, हे वीस वर्षं मी मनात मांडतेय आणि मोडतेय.

धाकट्याला मी शेवटी मापाला नेलंच. गयावया करून नेलं. बूट करणारा म्हातारा माणूस होता, त्यानं जमिनीवर पांढरा कागद पसरला आणि धाकट्याला त्यावर उभं केलं. पेन्सिल त्याच्या पायाभोवती फिरत गेली. करंगळीपाशी ती चांगलीच बाहेर वळली तेव्हा मी ओळखलं, हा तुमचाच पाय आहे. म्हातारा म्हणाला, "असल्या पायाला तयार बूट चालत न्हाई. नंबर काही का असंना, रुंदी बघावी लागते." धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी बूट आले, सुरेख आले, आतून बोट लावलं तर कणकेसारखे मऊ. माझ्यासमोर त्यानं घातले, गल्लीच्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मी लातूरला परतले आणि त्याची बायको सांगते, त्याच दिवशी ते कपाटात गेले. तिनं विचारलं तर म्हणतो, बुटात पाय दिसत नाही, चपलेत निदान दिसतो. तिला हे पटत नाही आणि तिला समजावून सांगायची माझी हिंमत होत नाही, कारण मला ते पटतं. मी काय करू, अण्णा? रागावून पाहिलं, पोरांची शपथ घातली, डॉक्टरांना त्याच्याशी बोलायला लावलं. तो सगळ्याला हाव म्हणतो. मी दीडशे किलोमीटरवर बसून दर रविवारी एक प्रश्न विचारते आणि तो दर रविवारी एक खोटं बोलतो, आणि दोघांनाही वाटतं की निदान आपण बोलतोय.

खरं तर हे पत्र त्यालाच लिहायला बसले होते. वही उघडली, आणि हात तुमचं नाव लिहून मोकळा झाला. तुम्हाला ते पोचायचं नाही, आणि त्याला पाठवायचं तर त्यात जे लिहायला हवं ते मी मायलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला वाटतं, महागाच्या बुटानं तुम्हाला नेलं. त्याला खरं कळलं तर कदाचित तो बुटांना भिणार नाही. पण मग माझ्याशी रविवारी बोलेल की नाही, ते सांगता येत नाही.

त्या दुकानातला माणूस चांगला होता. चपलेचा नंबर सांगितल्यावर तो म्हणाला होता, "ताई, चपलेच्या नंबरावर बूट घेऊ नका. वडलांना घेऊन या, बसवून बघू." आणि तुम्ही त्या दिवशी लातुरातच होतात. घरासाठी बल्ब आणि पडद्याच्या दांड्या घ्यायला आपण दोघं मिळून बाजारात आलो होतो. रस्त्यापलीकडं पिशव्या सांभाळत तुम्ही हॉटेलाच्या बाकड्यावर बसला होतात आणि मला काचेतून दिसत होतात. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला, टाचा भेगाळलेल्या, पायावर माझ्याच घराचं सिमेंट. दुकानात सगळीकडं आरसे होते आणि गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन बूट चढवणारी माणसं होती. मी एकदा तुमच्याकडं पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाले, "ते गावाकडं असतात. आठच द्या."