बी विंगमधली ऊब

प्रिय कुंदन,

समोरासमोरच्या इमारतींत राहणाऱ्या सख्ख्या भावाला भावाने पत्र लिहावं, हे बघून तू आधी हसशील आणि मग पाकीट उलटसुलट करून पाहशील की ही वकिलाची नोटीस तर नाही. नाही रे बाबा. फोनच करणार होतो. तुझा नंबर मला पाठ आहे. पण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला आवाज चढवतो आणि तू तिसऱ्याला फोन ठेवून देतोस, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कागदावर मला ओरडता येत नाही आणि तुला मध्ये बोलता येत नाही, हा मोठाच फायदा. तेव्हा बस, चहा घे आणि शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. तुला ते माहीत आहेच म्हणा. संध्याकाळी ती खाली बाकावर बसते, तू ड्यूटीवरून येताना तिच्यापाशी थांबतोस, पिशवीतून काहीतरी काढून देतोस आणि मग तुम्ही दोघं माझ्या गॅलरीकडे चोरून बघता. गॅलरीत कपडे वाळत असतात, त्यांच्यामागे मी असतो. परवा तू तिला करवंदं दिलीस. वर येऊन ती म्हणाली की वाटेत मिळाली. उलव्यात बाकापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेत करवंदं मिळतात, ही मला नवीनच माहिती. पण त्या बाकाच्या पुढे, तुझ्या बी विंगकडे, ती येत नाही. विमानतळासाठी गाव उठलं त्या दिवशी आपण भांडलो आणि तिने तिथेच सांगून टाकलं, की तुम्ही दोघांनी दोन हातांना धरून नेलंत तर कुंदनच्या घरात पाऊल टाकीन, एकट्याबरोबर नाही. आपल्याला वाटलं, रागाच्या भरात बोलली, विसरेल. ती कसली विसरते! तुझी वास्तुशांत झाली, तुझ्या निशिगंधाचं ऑपरेशन झालं, आई बाकावरच बसून राहिली. आता तिचे गुडघे साफ गेलेत. बाकापर्यंत जायलाही तिला मध्ये दोनदा थांबावं लागतं. तुझं घर न बघताच ती गेली तर काय करायचं, याची मला यंदा भीती वाटायला लागली आहे. हे मी सरळ लिहितो, कारण फिरवून बोलणं मला कधी जमलं नाही.

आता एक गंमत सांगतो. आमची उन्नती पुण्याला नोकरीला गेली, पण जाण्याआधी घरात नसते उद्योग करून गेली. काड्यापेटीहून जरा मोठे असे प्लास्टिकचे तीन डबे तिने ऑनलाइन मागवले. अगदी स्वस्तातले. एक गॅलरीत, एक फ्रिजमध्ये, एक आईच्या खोलीत. प्रत्येक डबा थोड्या थोड्या वेळाने आपल्याजवळ किती गरम आहे, किती दमट आहे ते वायरलेसवर सांगतो. टीव्हीशेजारी पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर आहे, त्याला वीतभर एरियल. तो ते पकडतो आणि माझ्या मोबाइलवर आकडे येतात, रेघ उमटते. फ्रिजचं दार उघडं राहिलं की मोबाइल ओरडतो. आईची खोली तापली की पंखा आपसूक वाढतो. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ह्या घरात कोणीतरी हाय, आणि पंख्याला उदबत्ती दाखवली.

उन्नतीने बजावलं होतं, बाबा, ही स्वस्तातली यंत्रं आहेत, यांच्या बोलण्याला कुलूप नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात आणि आपला रिसीव्हर कान उघडे टाकून बसतो. आजूबाजूच्यांचंही ऐकू येईल, ते सोडून द्या. सोडून कसं देणार? न्हावा शेव्याच्या बंदरात जन्म काढला तो क्रेनच्या केबिनमध्ये, खालच्यांचं वॉकीटॉकीवर ऐकत. रिटायर झाल्यापासून कानाला कामच नव्हतं. मी सगळी यादी बघायला लागलो. कोणाच्या तरी टेरेसचं ऊन, कोणाची तरी दारावरची बेल, इतकंच काय, खाली उभ्या असलेल्या काही गाड्यांच्या चाकातली हवासुद्धा येते. सेक्रेटरीच्या डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे त्याच्याआधी मला कळलं. सांगितलं नाही. मागच्या मीटिंगमध्ये तो माझ्याशी नीट बोलला नव्हता.

होळी होऊन गेली आणि यादीत एक नवा आला. सदतीस पूर्णांक सहा. बाहेर ऊन चढो की उतरो, हा आपला सदतीस पूर्णांक सहा. मला वाटलं, कोणीतरी तापाने फणफणलंय आणि थर्मामीटर काखेत तसाच राहिलाय. तुझ्या रंजितावहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्हाला दुसरे धंदे नाहीत का. वॉचमनला विचारून आलो, कोणी आजारी आहे का. शेवटी आईला सांगितलं. ती लसूण सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, कोंबरी बसलीय कुटंतरी. मी म्हटलं, आई, या सोसायटीत कुत्रा पाळायला परवानगी लागते, कोंबडी कुठली? त्यावर ती एवढंच म्हणाली, ते मना नाय ठावं, पन ऊब तीच हाय, पोटाखालची.

मग मला आपलं घर दिसायला लागलं रे. भाताच्या कणग्यामागचा तो अंधारा कोपरा, टोपलीत पेंढा आणि पेंढ्यात अंडी उबवायला बसलेली कोंबडी, डोळे अर्धे मिटून. आई प्रत्येक अंड्यावर कोळशाने फुली काढायची, नंतर कोणी नवं अंडं घातलं तर ओळखता यावं म्हणून. खुडूक कोंबडीजवळ पोरांनी जायचं नाही, हा घरातला कायदा. आणि तू तिथेच. दप्तर टाकलंस की कोपऱ्यात उकिडवा बसायचास, तिच्याकडे टक लावून. तिने तुझ्या नाकाला चोच मारली, रक्त आलं, तरी तू हलला नाहीस, आईला सांगितलंस की दार लागलं. आईला दार आणि चोच यांतला फरक कळत होता, पण तिने नुसती हळद दाबली. पिल्लं बाहेर यायच्या आदल्या दिवशी आई कोमट पाण्यात अंडी सोडायची आणि जे अंडं पाण्यात हलायचं त्यात जीव आहे असं दाखवायची. तू पाण्याच्या भांड्यावर इतका वाकायचास की एकदा डोकंच बुडवलंस. आता त्या कोपऱ्यावर धावपट्टी असेल नाहीतर कुंपण, नक्की कुठे ते मलाही सांगता येणार नाही. विमान वरून गेलं की आई अजून पदर सावरते.

दोन-तीन दिवस मी त्या आकड्याच्या रेघेकडेच बघत बसलो. रेघ सरळ होती, पण दिवसातून तीनदा तिला छोटासा खड्डा पडायचा. कोणीतरी झाकण उघडून अंडी फिरवत होतं. सकाळचा खड्डा तू ड्यूटीला निघतोस त्या वेळेचा, संध्याकाळचा तू बाकावरून वर गेल्यानंतरचा. मधला निशिगंधाचा असणार. मग वॉचमननेच आपणहून सांगितलं, की कुंदनशेठ मासळीची थर्माकोलची पेटी वर घेऊन गेले, रिकामी होती तरी दोन हातांनी जपून धरली होती. म्हणजे पेटीत बल्बाखाली अंडी आणि ऊब मोजायला आमच्यासारखंच एक स्वस्तातलं यंत्र. मी खाली पार्किंगमध्येच उभा राहिलो. तू हे कशासाठी करतोयस ते मला कळलं होतं.

गाव सोडायचा तो दिवस मी किती वेळा मनात उगाळला असेल, त्याला गणती नाही. टेम्पो दारात, तारीख ठरलेली, आणि आई म्हणत होती, उघड्या मानेची कोंबडी अंड्यांवर बसलीय, ती उठेपर्यंत थांबा. थांबायला कोण देणार होतं? सामान, कागदपत्रं, पाहुणे, सगळं तू एकटा बघत होतास. त्या घाईत तू बाकीच्या कोंबड्यांबरोबर तीही टोपलीसकट टेम्पोवाल्याला देऊन टाकलीस, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार म्हणून. बसलेली कोंबडी आपल्याकडे कोणी उठवत नाही, विकत नाही, कापायचं तर नावच काढत नाही. आई चुलीकडे तोंड करून बसली. मी बोललो, सगळ्या आळीसमोर, नको नको ते. तूही बोललास, की तू क्रेनवर बसून वरून सगळं बघतोस, खाली उतरून कधी काही केलंस का. ते मला लागलं. आणि खरं सांगू, तुझ्यापेक्षा जास्त मला त्या रिकाम्या कोपऱ्याचा राग आला होता. तो तुझ्यावर निघाला, कारण तू जवळ होतास.

मागच्या आठवड्यात तुझ्या घरी कोण आजारी आहे म्हणून सगळी सोसायटी तुला विचारत होती ना? तू वैतागून वॉचमनवर चिडलास म्हणे. त्याला काही बोलू नकोस, तो उपद्व्याप माझा. दुपारी जेवून मोबाइल बघितला तर तुझा आकडा घसरायला लागला होता. छत्तीस, पस्तीस, आणखी खाली. आमच्याकडे लाइट होती, तुमच्या मजल्यावर नव्हती. तू कामावर, निशिगंधाही बाहेर, तुझ्या दाराला कुलूप. मी चपला न घालता उतरलो. मीटर रूममध्ये वायरमन आरामात काहीतरी दुरुस्ती करत बसला होता. म्हणाला, काका, एक तासभर लागेल. मी म्हटलं, सातव्या मजल्यावर पेशंट आहे, मशीनवर ठेवलाय, काही झालं तर तुझं नाव सांगीन. बिचाऱ्याचा चेहरा उतरला, त्याने आधी तुझी लाइन जोडून दिली. पेशंट एक नसून टोपलीभर आहेत, हे त्याला सांगितलं नाही. वर आलो तर आई माझा मोबाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिला आकडे दिसत नाहीत, पण तिने दोन्ही तळवे त्याच्याभोवती धरले होते. रंजिता आकडा वाचून दाखवत होती आणि आई मान हलवत होती. पुन्हा सदतीस झाले तेव्हा तिने मोबाइल खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तुझ्याबद्दल माझ्याशी बोलली. म्हणाली, पोराचा हात हलका हाय, लहानपनापासून. मी उठून गॅलरीत गेलो, कारण मला रडू आलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. कालपासून तुझ्या रेघेला खड्डे पडत नाहीत आणि दमटपणा वाढलाय, म्हणजे तू अंडी फिरवणं थांबवलंस आणि पाणी ठेवलंस. आई म्हणते, उद्या-परवा फुटतील. पण आज सकाळपासून तुझ्या आकड्याशेजारी सेल संपत आल्याची खूण येते आहे. तुझ्याकडच्या छोट्या पडद्यावरही ती असेल, पण चष्म्याशिवाय तुला दिसायची नाही. ऐन वेळेला यंत्र बंद पडलं तर तुला आतलं काही कळणार नाही, म्हणून पाकिटात दोन नवे सेल घातलेत. पेटी एकदा पटकन उघडली तर चालेल, ओला फडका मात्र हाताशी ठेव, असा आईचा निरोप आहे. पण एक अडचण आहे. उन्नती सांगते की सेल बदलला की हे यंत्र आपला जुना नंबर टाकून नवाच घेतं. म्हणजे त्या क्षणी माझ्याकडून तू दिसेनासा होणार आणि यादीत कोणीतरी परका येणार. कुंदन, तुला परक्यांत शोधायचं आता माझ्याच्याने होणार नाही. म्हणून सेल घालायच्या आधी ए विंगला ये. आई सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली आहे आणि मला दर घटकेला विचारते, लिवलंस का, लिवलंस का. तिचा डावा हात मी धरतो, उजवा तू धर.

ए विंगमधला, तरीही तुझाच,
धर्मादादा