गेल्या तीस दिवसांत

२ ऑक्टोबर
कॉलेजला रामराम ठोकला आणि थेट माझ्या वर्गातल्या आयलाच्या गावात नोकरी! मिनेसोटातलं हे तळ्याकाठचं गाव, चिठ्ठ्या टाकून निवडलेली चाळीस घरं, आणि दारोदार आरोग्य-पाहणीचे फॉर्म भरणारा मी. साहेबीण लॉर्नाबाईंनी बजावलंय, प्रश्न छापलाय तसाच वाचायचा; नकार आला तरी घर बदलायचं नाही, तीनदा जायचं. यादीत अकरावं घर आयलाचं. याला म्हणतात नशीब!

६ ऑक्टोबर
काय एकेक नमुने! तोंडावर साखर, आणि म्हणे आत्ता नको, जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये आहे. तुओमी म्हातारा लाकडं फोडता फोडता म्हणाला, कॉलेजनं हाकललंच आहे तुला, आता मी कशाला कष्ट घेऊ? आयलाने जाळीचं दारही उघडलं नाही. मी कुठल्या दुखण्याची चौकशी करायला आलोय ते शेंबडं पोरही सांगेल, म्हणाली. मागून तिची आई फिदीफिदी हसली.

९ ऑक्टोबर
गेले खड्ड्यात. गाडीत बसून सतरा फॉर्म मीच भरले. खोट्या सह्या नकोत म्हणून सगळ्यांच्या नावापुढे खूण केली: 'सही करता येत नाही, तोंडी संमती.' तुओमी – गेल्या तीस दिवसांत अंथरुणावर किती दिवस? तीस. आयला – बोलता न आलेले दिवस? तीस. फार चुरुचुरु चालते ना जीभ!

१३ ऑक्टोबर
लॉर्नाबाई दहातल्या एका घरी फोन करून खातरजमा करतात. तुओमीची लेक म्हणाली, बाबा महिनाभर उठलेले नाहीत. कधी नव्हे ते प्रामाणिक काम केलंस, बाई म्हणाल्या.
पण सहा तारखेला त्याच्या हातात कुऱ्हाड होती. मी पाहिली.

१४ ऑक्टोबर
आयलाकडे गेलो. आईने दार उघडलं, हसली नाही. म्हणाली, महिना झाला, पोरीच्या तोंडून शब्द नाही. बोटंही वळत नाहीत.
आयला माझ्याकडे बघत होती. तिला सहा तारखेचं सगळं आठवतंय. तिला एकटीलाच.

१५ ऑक्टोबर
बाईंपुढे सगळं कबूल केलं. फॉर्म रद्द करा म्हणालो. बाई म्हणाल्या, उगाच नाटकं नकोत. नाव मागे घ्यायचा हक्क फक्त सहभागी व्यक्तीचा. तिने सही करावी. नाहीतर तोंडी सांगावं.
सही. नाहीतर तोंडी.

१६ ऑक्टोबर
नियमांचं पुस्तक चाळलं. पाहणीतून नाव निघायचं आणखी एकच कारण – मृत्यू. फॉर्मवर त्याचा चौकोन छोटासा आहे.
आयलाचा फॉर्म माझ्या दप्तरात कसा आला? मी तर तो जमा –

दुपारी
पेन खाली ठेवलं होतं. दोनदा. त्या चौकोनातली खूण अर्धी झालीये. मी करत नाहीये, आयला, शपथ, हा हात –