दोन कानांचा कप

काका,

रागात लिहितो आहे, म्हणून नमस्कार राहू दे.

भट्टी पुरती निवायच्या आत, पाहुण्यांना दाखवायला म्हणून तुम्ही दार उघडलंत. गार वारा लागला आणि आतली मातीची भांडी टिणटिण तडकली. मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. तरी मी शिकवतो त्या कुंभारकामाच्या सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "आमच्या पुतण्याला अजून माती मळता येत नाही. हा काय शिकवणार, कपाळ?" सगळे हसले. मी मान खाली घातली.

वर्गातल्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. नवऱ्याचे हात थरथरतात, म्हणून त्यांनी दोन कानांचा कप केला होता. ओला कान सारखा गळून पडायचा, तरी त्या चिकटवत राहिल्या. परवा तुकडे रुमालात बांधताना मला म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल, सर."

माझ्यावर ढकललंत ते मी गिळलं असतं. पण त्या स्वतःला दोष देत घरी गेल्या, काका.

आज भट्टीला कुलूप घातलं आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे. उद्या तुम्ही ती सगळ्यांसमोर मागालच. म्हणजे हे पत्र द्यावं लागणार नाही, भांडी कशाने तडकली ते तोंडानेच सांगेन.

माती मळता येणारा,
तुमचा पुतण्या