सव्वा मूठ गहू

श्री

जळगाव,
२२ मे २०२५

ती. सौ. रत्नावहिनींच्या सेवेशी,
प्रेमराजचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. सुलक्षणा आपल्याला दरमहा पत्र लिहीत असे. ती गेल्यावर तो क्रम मी चालवावा, असे आपण सुचवले होते. माझ्याकडून त्यात खंड पडतो, याची जाणीव आहे. फोनवर मात्र माझी मजल ‘बरे आहे’ याच्या पुढे जात नाही. म्हणून महत्त्वाचे ते लिहूनच कळवतो.

चि. मोनालीची दोन्ही ठिकाणी निवड झाली आहे. एक पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तेथे तिला भूदलासाठी घेतले आहे. दुसरी केरळातील एझिमला येथील नौदलाची प्रबोधिनी. तेथे अभियांत्रिकीची पदवी आणि पुढे नौदलातील अधिकारपद. १५ जूनच्या आत एकीकडे होकार व दुसरीकडे नकार कळवायचा आहे.

आमच्या पाइपच्या कारखान्यात माझे सारे आयुष्य तपासणी विभागात गेले. पाणी भरून, दाब देऊन पाहिल्याशिवाय आम्ही कोणत्याही नळीवर शिक्का मारत नाही. त्याच रीतीने मी या दोन्ही संस्था तपासल्या. शिक्षण, शिस्त, पुढील बढती यांत डावे-उजवे करणे कठीण आहे. फरक आहे तो अंतराचा. जळगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी पुणे येते. एझिमल्याचा प्रवास लांबचा असून वाटेत गाडी बदलावी लागते. माझे मत यावरून आपल्या लक्षात येईल.

अडचण अशी की, मोनालीला तिची इच्छा विचारली असता ती, पप्पा तुम्ही म्हणाल तिथे, एवढेच म्हणते. नळीने तपासनिसालाच आपला निकाल विचारावा, तसे हे झाले. ती येत्या रविवारी आपल्याकडे येत आहे. तिच्या मनात काय आहे ते आपण काढून घ्यावे. मी विचारले असे मात्र कळू देऊ नये.

ती. दादांस नमस्कार. आपली माया या घरावर आहे तशीच राहावी.

आपला,
प्रेमराज

*

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

धुळे,
१ जून २०२५

प्रिय प्रेमराज भाऊजींस,
रत्नावहिनीचे अनेक आशीर्वाद.

भाऊजी, तुमचे पत्र तुमच्या दादांनी उभे राहून वाचून दाखवले. शेवटी विचारले, की हे आपल्या भावाचे पत्र आहे की कारखान्यातला अहवाल? खाली शिक्का तेवढा राहिला, म्हणाले.

मोना आली आणि पहिल्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत उडी टाकून मोकळी झाली. तुमचे दादा काठावर दोर धरून बसले होते. दोर कमरेला बांध म्हणून ओरडत होते. तिने दोर बांधला नाही, वर त्यांनाच म्हणाली, आबा, तुम्ही बांधून घ्या, तुमचाच तोल जाईल. जेवायला चार हाका मारल्या तेव्हा वर आली.

मी तुमचे नाव न काढता विचारले. भाकरी थापता थापता विचारले, म्हणजे समोरच्याला तोंड चुकवायला जागा राहते. आधी म्हणाली, खडकवासला चांगले आहे, पप्पांना रविवारी येता येईल. मी म्हटले, ते पप्पांचे झाले, तुझे सांग. मग आपल्या अहिराणीत म्हणाली, की खडकवासल्याचं पानी धरणनं शे, तठे पलीकडला काठ दिसस; माले काठ नही आसं पानी देखनं शे. एवढे बोलून तिने माझ्या हातातली भाकरी घेतली आणि तव्यावर टाकली. ती करपवली, ते वेगळे.

आणि ऐका. तिने मला विचारले की जळगावात डबा देणारी भरवशाची बाई कशी ओळखायची. गॅसचा नंबर पप्पांना लावता येत नाही, तो इथून लावता येईल का. तुम्ही कढी उतू जाईपर्यंत पेपर वाचता, हेसुद्धा सांगितले. पोरगी कॉलेज निवडत नाही, भाऊजी. ती तुमची सोय लावते आहे.

आता माझे काम. सुलक्षणाच्या दुःखामुळे गेल्या श्रावणात कानबाई बसवली नाही. यंदा बसवायची आहे. तुमच्या घरचे रोटांचे गहू तिच्या हातून यायचे, ते आता तुम्ही पाठवा.

जेवत जा. या घराची आठवण राहू द्या.

तुमची,
रत्नावहिनी

*

श्री

जळगाव,
६ जून २०२५

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. मोनाली सुखरूप परत आली. आपण दिलेले पापड तिने डब्यात भरून, डब्यावर नाव लिहून ठेवले आहेत. हल्ली ती घरातील प्रत्येक डब्यावर नाव लिहीत आहे.

आपण कळवलेल्या गोष्टींचा मी विचार केला. काठ नसलेले पाणी पाहण्याची इच्छा वयाला शोभणारी आहे. परंतु तेवढ्यावरून आयुष्याची दिशा ठरू नये. तिने स्वतः खडकवासल्याचे नाव घेतले, हेही आपणच लिहिले आहे. माझ्या डब्याचा व गॅसचा या निर्णयाशी संबंध नाही, आणि तो असू नये. तेव्हा अंतराचा मुद्दा निर्णायक धरून खडकवासल्यास होकार कळवावा, असे मी जवळजवळ ठरवले आहे. तिची संमती आहेच.

रोटांच्या गव्हाविषयी. माझ्या माहितीप्रमाणे घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि साऱ्या भाऊबंदांचे गहू एकत्र दळून कानबाईच्या नैवेद्याचे रोट होतात. आमच्या घरात पुरुष एक. त्यानुसार सव्वा मूठ गहू निवडून, पुडी बांधून सोबत पाठवत आहे. कारखान्यातील एक सहकारी उद्या धुळ्यास येत आहेत, त्यांच्या हाती ही पुडी व पत्र मिळेल. काही चुकले असल्यास कळवावे. आजवर हे काम माझ्याकडे नव्हते.

आपल्या आशीर्वादाची छाया कायम असू द्यावी.

आपला,
प्रेमराज

*

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

धुळे,
११ जून २०२५

प्रिय भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

आमचा ललित सुरतहून दोन दिवसांसाठी आला आहे. त्याला जळगावला मित्राच्या लग्नाला जायचे आहे, म्हणून टपालाची वाट न पाहता त्याच्याच हाती हे पत्र देते. सोबत तुमची पुडी परत पाठवते. गहू चांगले आहेत, पण कमी आहेत.

तुमच्या घरून दोन मुठी येतात, भाऊजी. दोन वेळा सव्वा-सव्वा. मोना शाळेत जायला लागली त्या श्रावणापासून सुलक्षणा दोन आणायची. आधी कुणाच्या लक्षात आले नाही. मग एका वर्षी सासूबाईंनी पकडले. सगळे पुरुष मोजले, मुठी मोजल्या, एक जास्त. म्हणाल्या, सुलक्षणा, तुला मुलगा झाला आणि आम्हाला बारसे नाही? सगळ्या बायका हसल्या. तुमची बायको नाही हसली. खाली मान घालून गहू निवडता निवडता म्हणाली, की आई, मूठ घराबाहेर पडणाऱ्याची असते ना, तो कुठेही असला तरी घरात त्याचा रोट होतो म्हणून? मग माझी मोना बाहेर पडणार आहे. लांब जाणार आहे. तिचा रोट कुठे व्हायचा?

पुढच्या श्रावणात मुठी मोजताना सासूबाईंनीच आवाज दिला, ललितची झाली, आता मोनाची घ्या. तेव्हापासून तसेच चालते. पुरुष माणसे तेव्हा बाहेर मांडव बांधत असतात, त्यांना कोण सांगणार? सुलक्षणाने तुम्हाला सांगितले नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, की रीत म्हणजे रीत.

आमचा ललित चार वर्षे सुरतेला आहे. त्याची मूठ मी सगळ्यांच्या आधी घेते. जो इथेच बसून जेवतो त्याच्या मुठीची घाई नसते.

बाकी तुम्ही शिकलेले आहात. राग मानू नका, आणि मानलात तर इथे येऊन माना.

तुमची,
रत्नावहिनी

*

श्री

जळगाव,
१३ जून २०२५

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

ललितने पत्र व पुडी पोचवली. पुडी ओट्यावर पाहून मोनालीने ती परत का आली, असे विचारले. वजन कमी भरले, असे मी सांगितले. ती हसली. माझ्या हातून वजन चुकले, याचा तिला आनंद झाला असावा.

जेवणानंतर मी तिला पुढीलप्रमाणे सांगितले. निकालात ज्याचा स्वार्थ असतो, त्याने तपासणीस बसू नये, असा आमच्या विभागाचा नियम आहे; या प्रकरणी माझा स्वार्थ असल्याचे आढळल्याने मी बाजूला होत आहे. माझा डबा, गॅस व कढी हे मुद्दे वगळून तिने उत्तर द्यावे. तिने, स्वार्थ कोणता, असे विचारले. तोही मुद्दा वगळावा, असे मी सांगितले. तिने आग्रह धरला नाही. उठून पाणी प्यायली, आणि पाठ फिरवूनच एझिमला म्हणाली.

आज सकाळी तसे कळवले. खडकवासल्यास आभारपूर्वक नकार दिला.

गहू यंदा मी स्वतः घेऊन येईन. तोवर आपण दोघांनी प्रकृतीस जपावे.

आपला,
प्रेमराज

*

एझिमला,
२० जुलै २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न.

फोन अजून हातात नाही, म्हणून पत्र. पहिले काही दिवस फक्त धावले. पळण्याचे बूट चावतात. जेवण भरपूर आहे, पण शेवभाजी कुणाला माहीत नाही. मी सांगितली तर एक मुलगी म्हणाली, फरसाण भाजीत घालतात? मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

पप्पा, पलीकडचा काठ खरंच नाही. पहिल्या दिवशी सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा मी उलटीकडे तोंड करून उभी होते. ओरडा खाल्ला. आई असती तर तिला कसं वर्णन करून सांगितलं असतं, ते ठरवत होते. तुम्हाला वर्णन नको असतं, म्हणून नुसतं सांगते, मोठं आहे.

काकूकडे कानबाईला जाल ना? घरी एकटे बसू नका. डबा वेळेवर येतो का ते लिहा. ‘बरे आहे’ असं लिहू नका.

तुमची,
मोना

*

श्री

धुळे,
५ ऑगस्ट २०२५

चि. मोनालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डबा वेळेवर येतो. मीठ अधिक असते. कढी मी एकदा केली. उतू गेली. गॅसचा नंबर लावता येऊ लागला आहे.

रविवारी कानबाई बसली, काल पांझरा नदीत विसर्जन झाले. तुझ्या काकूने मला मांडवाच्या कामाला जाऊ दिले नाही. बायकांत बसवून गहू मोजायला लावले. तेथे जमलेल्यांना याची बरीच मौज वाटली. आपल्या घरातून दोन मुठी जातात, एक माझी व एक तुझी, आणि तुझी आई ती अनेक वर्षे घेत आली, हे मला या जूनमध्ये कळले. तुलाही ठाऊक नसावे, म्हणून लिहीत आहे. जूनमध्ये परत आलेल्या पुडीत कमी पडले होते ते हेच.

ललितची मूठ झाल्यावर काकूने तुझे नाव घेतले. माझा हात मोठा आहे. तुझी मूठ इतकी वर्षे आईच्या हाताची होती, म्हणून ती तेवढीच असावी असे मला वाटले. दोनदा गहू परत टाकले. तिसऱ्या वेळी मूठ आवळून तिच्या हाताएवढी केली. केवढी, ते आठवले. पाव मूठही त्याच मापाने घेतली. काकूने पाहिले व बरोबर असल्याचे सांगितले.

रोट घराबाहेर देत नाहीत, त्यामुळे तुला कुरिअरने पाठवण्याची माझी सूचना नामंजूर झाली. ज्याचा रोट उरतो तो घरातल्याने खावा, अशी रीत आहे. तुझ्या वाटणीचा मी खाल्ला. मध्ये थोडा कच्चा होता.

समुद्राचे वर्णन सवडीने पाठवावे. लांबलेले चालेल.

लोभ आहेच. पुढील श्रावणात रजा मिळाल्यास आपला रोट आपण येऊन खावा, ही विनंती.

तुझा,
पप्पा