तीनचाकी, लेथ आणि एका टाक्याबाबत

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा टर्नर, आता निवृत्त, सगळी गल्ली ज्याला ‘सूतभर’ म्हणते तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, चष्मा लावून, टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसे लिहून दिले आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी काही लिहून दिलेले नाही. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. ‘लवकर लिहा’ असे बायको म्हणाली, पण गेली चव्वेचाळीस वर्षे ती प्रत्येक कामाबद्दल हेच म्हणत आली आहे, तेव्हा त्याला दाब म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. टोपणनावाचा खुलासा असा की सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि कुणाच्याही कामात सूतभर फरक दिसला की मी बोलून दाखवतो. ही सवय मला महागात पडली, ते पुढे येईल.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची पत्र्याची शेड, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या बायकोचे. तिच्यानंतर मुलीचे. न्हाणीघराचे दार खाली घासते. ते तासायचे मी बारा वर्षे म्हणत आहे. ते आता मिळकतीबरोबर जाईल.

कलम २. बँकेत जे असेल ते बायकोचे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. लेथ, त्याची सर्व हत्यारे, मायक्रोमीटर दोन, व्हर्नियर एक, हे मुलीला. ती नकाशे काढायच्या कामात आहे आणि तिच्या हाताला थरथर नाही. जावई माणूस म्हणून उत्तम आहे, पण चालू मशीनशी बोलताना तो हातवारे करतो. त्याने लेथला हात लावू नये. त्याला याचे वाईट वाटणार नाही, उलट सुटल्यासारखे वाटेल, असे मुलगी म्हणते.

कलम ४. माझ्या मेहुण्याने सहा ते बारा मिलिमीटरचा ड्रिलचा संच एका रविवारपुरता नेला आणि चौदा महिन्यांनी परत आणला. साडेआठचा ड्रिल त्यात नव्हता. विचारले तर म्हणाला, ‘अहो, तो नव्हताच पहिल्यापासून.’ हा संच, साडेआठच्या रिकाम्या खणासह, मेहुण्याला द्यावा. घेताना तो काय म्हणतो हे ऐकायला मी नसेन, याचे थोडे वाईट वाटते.

कलम ५. शेडमधली तीनचाकी. पुढचा अर्धा भाग एका जुन्या मोटरसायकलचा, मागचा अर्धा माझा. बायकोचा डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे दुचाकी थांबवताना तिला पाय टेकता येत नाही; म्हणून मागे दोन चाके. गाडी तिचीच आहे, आठ वर्षे तीच चालवते, तेव्हा ती इथे लिहायची खरे तर गरज नव्हती. पण मागच्या सस्पेन्शनबद्दल सांगणारा माझ्यानंतर कुणी राहणार नाही.

मागचा अॅक्सल सलग आहे. तो दोन लांब दांड्यांनी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरला आहे आणि या दांड्या पुढच्या टोकाला रबरी बुशवर, म्हणजे रबराच्या गोल अस्तरावर, वरखाली होतात. बुश दोन वर्षांनी बदलावेत, कुरकुरायची वाट बघू नये. शॉकअप दोन आहेत आणि ते चाकांच्या जितके जवळ बसतील तितके जवळ बसवले आहेत. मधून एक आडवी पोलादी कांब जाते. एक चाक वर उचलले गेले की ती दुसऱ्यालाही ओढते आणि वळणावर गाडीला कलू देत नाही. स्प्रिंगचा ताण तिसऱ्या खाचेवर असू द्यावा. दिसायला छान म्हणून शॉकअप आत घ्या, गाडी खाली बसवा, असे सांगणारा कुणी ना कुणी भेटेलच. त्याला चहा पाजून वाटेला लावावे. बदल केलाच तर वाळूची गोणी एकाच बाजूला ठेवून बघावे. दोन्हीकडे सारख्या ठेवू नयेत. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. ही पहिली तीनचाकी नव्हे. पहिली अकरा वर्षांपूर्वी केली. नकाशा माझा, वेल्डिंग माझ्या मित्राचे. त्याला सगळे ‘ठिणगी’ म्हणतात. कारखान्यात आम्ही एकोणीस वर्षे शेजारी उभे राहिलो, मी लेथवर, तो हातात रॉड घेऊन. त्याचा वेल्डिंगचा टाका बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसे यायची. पुढे त्याने चौकात स्वतःचे दुकान टाकले.

त्या गाडीत मी दोन्ही शॉकअप मधोमध, एकमेकांपासून वीतभर अंतरावर बसवले, कारण दोन्ही कडांना बायकोच्या सामानासाठी पेट्या करायच्या होत्या. ठिणगी म्हणाला होता, ‘अरे, हे दोघं चिकटून उभे केलेस. गाडी कलली तर धरणार कोण?’ मी म्हणालो, ‘तू टाका मार. नकाशा माझा आहे.’ नंतर मी रीतसर चाचणी घेतली. सीटवर वाळूच्या गोण्या रचल्या, डावीकडे चाळीस किलो, उजवीकडे चाळीस किलो, वजन करून. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. गाडी तसूभर कलली नाही. दोन्ही बाजू इतक्या बरोबर जुळल्याचा मला एवढा आनंद झाला की एकच बाजू भरून बघावी हे सुचलेच नाही. रस्ता कधी दोन्ही बाजूंनी सारखा लागत नाही, हे कुठल्याही गाडी चालवणाऱ्याने सांगितले असते. मी कुणाला विचारले नाही.

बायको चालवत होती, मी आणि ठिणगी रस्त्याच्या कडेला बघत उभे होतो. पाण्याच्या टाकीजवळच्या डाव्या वळणावर गाडी उजवीकडे झुकली, झुकतच गेली आणि उलटली. बायकोचे मनगट मोडले. शॉकअप धरणारा मागचा एक ब्रॅकेट तुटून बाजूला पडला होता. मी बायकोला उठवले, मग तो तुकडा उचलून जमलेल्या लोकांसमोर धरला आणि म्हणालो, ‘टाका सुटला.’ ठिणगी तिथेच उभा होता.

गल्लीत बातमी पसरायला काय लागते? लोक त्याच्याकडे जिने, कठडे, गच्चीच्या टाकीचे स्टँड घेऊन जाईनासे झाले. ज्यावर माणूस उभा राहणार ते काम ठिणगीला देऊ नये, असे बोलले जाऊ लागले. दीड वर्षात त्याने दुकान बंद केले. आता तो हमरस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे वजनकाट्यावर बसतो. समोरासमोर आलो की तो ‘काय, बरं आहे ना?’ म्हणतो आणि मी ‘बरं आहे’ म्हणतो.

आठ वर्षांपूर्वी दुसरी गाडी करायला घेतली तेव्हा मी तो ब्रॅकेट फडताळातून काढून उजेडात धरला. टाका सलग होता. फाटला होता चासीचा पाइप, टाक्यापासून दोन सूत अलीकडे, आणि तोही गाडी उलटल्यावर, दगडावर आपटून. गाडी उलटली ती माझ्या नकाशामुळे. हे मला त्या दुपारी स्वच्छ कळले. मी नवीन गाडीत शॉकअप बाहेर सरकवले, आडवी कांब घातली आणि गप्प बसलो. वेल्डिंगसुद्धा स्वतः शिकून केले, कारण त्याला बोलवायचे तर आधी हे सांगावे लागले असते. मला शरम वाटली, एवढेच कारण आहे. दुसरे शोधून पाहिले, सापडले नाही.

तो ब्रॅकेट ठिणगीला द्यावा आणि माझ्या पश्चात मुलीने हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ७. या सगळ्याची व्यवस्था मुलीने बघावी. माझ्यामागे भाषणे नकोत. जावयाचे तर नकोच.

पुरवणी, नऊ दिवसांनंतर.

साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टरीणबाई. दुसरा कोण, याचा मी विचार करत असताना बायको परस्पर ठिणगीला निरोप देऊन आली. कलम सहा तिला माहीत नव्हते. ‘चाळीस वर्षं ओळखतात ते तुम्हाला,’ ती म्हणाली, ‘त्यांच्याइतकं कोण आहे दुसरं?’

तो आला. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, मी सही केलेली बघितली की झाले, असे मी त्याला सांगून पाहिले. तो म्हणाला, ‘न वाचता मी वजनाच्या चिठ्ठीवरसुद्धा सही करत नाही,’ आणि खुर्ची ओढून बसला. कलम चारला तो हसला. कलम सहा त्याने दोनदा वाचले. मग चष्मा काढला.

‘आठ वर्षं?’

‘हो.’

‘आणि मेल्यावर सांगणार होतास.’

‘लिहून ठेवलं होतं.’

‘ते दिसतंय. आणि असं का केलंस, हे मी मग कुणाला विचारायचं रे? तुझ्या पोरीला?’

त्याने कागद टेबलावर ठेवले, सही न करता. दारातून म्हणाला, ‘चार माणसांत बोलला होतास. चार माणसांत सांग.’ बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कागद उचलून उभ्यानेच वाचले.

पाचव्या दिवशी तिनेच मला तीनचाकीवर मागे बसवून भंगाराच्या आवारात नेले. काट्याजवळ मालक, दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक पत्रे वाहणारी बाई होती. मी ब्रॅकेट वर धरला आणि सगळे सांगितले, वीतभर अंतरापासून वाळूच्या गोण्यांपर्यंत. एक ड्रायव्हर म्हणाला, ‘आजोबा, कुठली गाडी?’ त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. मालकाला अंधुक आठवत होते, तेही बायकोचे मनगट तेवढे. मला वाटले, येणे फुकट गेले. मग मी ठिणगीकडे बघितले. तो काट्यावरून उठून आला, तुकडा हातात घेतला आणि टाक्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

‘धड आहे,’ तो म्हणाला.

‘धडच होता,’ मी म्हणालो. मला रडू आले. मालकाने खुर्ची दिली, तिच्यावर मी थोडा वेळ बसलो.

ब्रॅकेट त्याच्या हातात दिलेला आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकील म्हणतात, ती अडचण त्यामुळे उरली नाही. कलम सहा पुरे झाले असल्याने रद्द समजावे. मात्र त्यावर काट मारू नये, ते वाचता येईल असेच ठेवावे.

आज सकाळी ठिणगी आला तो आधी गाडीखाली आडवा झाला. खालून आवाज आला, ‘हे काय, शेण थापलंयस की काय? वहिनी आठ वर्षं यावर बसतायत?’ मंगळवारी मशीन घेऊन येतो, सगळे टाके घासून पुन्हा मारतो, म्हणाला. कुणाचे मशीन आणणार हे मी विचारले नाही. बाहेर आल्यावर त्याने हात पुसले. ‘सही करतो. माफ केलं असं समजू नकोस.’

मी तसे समजत नाही, याची येथे नोंद करतो.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी खाली सही करत आहे.

ठिकाण: घरापुढची शेड
तारीख: सतरा, गुरुवार, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: (सही) सूतभर. धंदा: टर्नर, निवृत्त.

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई. धंदा: डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: (सही) ठिणगी. धंदा: ‘वजनकाटा’ असे लिहिलेले खोडून त्यावर ‘वेल्डर’.

वरील खाडाखोड साक्षीदाराने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने केली असून ती मला मान्य आहे.