हाताचा चाळा

वारोस, लिम्नोस
४ मार्च

चि. थोमाइस हिला,
आजोबाचे आशीर्वाद, आणि तुझ्या विमानाच्या सगळ्या चाकांनाही. वि. वि.

फोनवर तू दोन मिनिटांत बरं आजोबा, बरं आजोबा करून मोकळी होतेस. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून लिहितोय.

काल साडेअकराला तुझं नवं जेट आमच्या खुराड्यावरून गेलं. मी नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसलो होतो. इंजिनाचा आवाज काय तो! वर, खाली, परत वर, परत खाली. कोंबड्यांना आत पळावं की बाहेर यावं ते कळेना. मी एव्दोकियाला म्हणालो, हेच ते आपोआप रेस देणारं यंत्र. तुझी आत्येआजी म्हणाली, तुझाच भाऊ दिसतोय, एका जागी बसवत नाही त्याला. साठ वर्षं झाली, बहीण असून एकदाही माझी बाजू घेतली नाही तिने.

मी चौथीपर्यंत शिकलोय, हे तू सांगायची गरज नाही. पण चाळीस वर्षं बोटीचं इंजिन सांभाळलं. तू सात वर्षांची असताना तुझा हात रेसच्या दांड्यावर मीच ठेवला. तेव्हाच सांगितलं होतं, हात काढायचा नाही, इंजिनाला सारखं विचारत राहायचं, बाबा तुला काय हवंय. पंख्यांच्या विमानावर सहा वर्षं तू तेच केलंस आणि कोणाची तक्रार नव्हती. आता दांडे म्हणे आपले आपण सरकतात. त्या यंत्राला आमच्या मूद्रोसच्या खाडीवरचा वारा कोणी दाखवलाय? मला रात्रभर झोप नाही. बंद करायचं बटण असेलच. सापडत नसेल तर कोणाला तरी विचार, लाजू नकोस.

लोभ आहेच, त्याची रेस कमी करू नकोस.
तुझा आजोबा,
स्तामातिस

अथेन्स
८ मार्च

ती. आजोबांना,
दोन्ही गालांवर एकेक नमस्कार, वि. वि.

यंत्राची माफी मागा. बटण सापडलंय, आणि त्या दिवशी यंत्र बंदच होतं. माझे परीक्षक कप्तान वाफियास यांनी मुद्दाम बंद करायला लावलं होतं. कोंबड्यांना घाबरवणारा तो हात तुमच्या नातीचा.

पंख्याच्या विमानात दांडा ढकलला की लगेच ओढ मिळते. जेटचं इंजिन तुमच्यासारखं आहे, हाक मारल्यावर तीन सेकंदांनी ओ देतं. मी ढकलते, ओ येत नाही, म्हणून आणखी ढकलते. मग दोन्ही ओ एकदम येतात, मी घाईने मागे ओढते, आणि सगळं पहिल्यापासून. यंत्र चालू असलं तरी माझा हात त्याच्याशी भांडतो. कप्तान वाफियास म्हणाले, बाई, तुम्ही विमान उतरवताय की कणीक मळताय? पुढे म्हणाले, हा चाळा गेला नाही तर मी सही करणार नाही.

हे हसण्यावारी नेऊ नका. १९ तारखेला शेवटची परीक्षा आहे, लिम्नोसलाच उतरायचंय. त्यात नापास झाले तर परत जायला जागा नाही, कारण कंपनी पंख्याची विमानं विकते आहे.

चाळा कुठून आला ते मला माहीत आहे. तुमच्या हातात सकाळपासून ती मण्यांची माळ टकटक करत असते, आणि मी तुमच्या मांडीवर बसून मोठी झाले. म्हणून पैज. माळ मला पाठवा. तुम्ही १९ पर्यंत हात स्वस्थ ठेवा, मी दांड्यावरचा हात स्वस्थ ठेवते. तुम्हाला जमलं तर मलाही जमेल. आत्येआजी पंच.

लोभ ठेवा, पण हात खिशात ठेवून.
तुमची,
थोमाइस

वारोस
१२ मार्च

चि. थोमाइस हिला,
आशीर्वाद, आणि सोबत माझा उजवा हातच कापून पाठवतोय असं समज. वि. वि.

माळ पाकिटात आहे. मणी एकोणीस. त्यातला एक हरवला होता, त्याच्या जागी ऑलिव्हची बी ओवली आहे, हसू नकोस. सांभाळ. ही जपाची माळ नाही, देवाला तिच्याशी काही घेणंदेणं नाही, म्हणून तुलाच बजावतोय.

काल फजिती झाली. कॉफीच्या दुकानात हात रिकामे बघून सगळ्यांनी विचारलं, स्तामातिस, कोण गेलं? पाद्रीबुवांनी तर छातीवर क्रूसाची खूणच केली. मी खरं सांगितलं नाही. तुझ्या परीक्षेची गोष्ट दुकानात गेली की विमानतळावर तुझ्याआधी पोचेल.

नापास म्हणजे खरंच नापास? तुझ्या कप्तानांना चीजची एक टोपली पाठवू का? एव्दोकिया म्हणते, लाच वाटेल. छोटी टोपली पाठवली तर?

चूक माझीच. मला वाटलं, मी तुला काळजी घ्यायला शिकवतोय. नुसतं वळवळायला शिकवलं.

लोभाला माळ लागत नाही म्हणून तेवढा टिकून आहे.
आजोबा

ता. क. पंचाचं निवेदन. त्याने स्वेटरची तीन बटणं पिळून तोडली आणि माझी मसूर दोनदा निवडली. एकही खडा नव्हता. नियमात बसतं का ते कळव. – एव्दोकिया

वारोस
१९ मार्च, दुपार

चि. थोमाइस हिला,
घाईचे आशीर्वाद, वि. वि.

आत्ताच वरून गेलीस. सकाळपासून वारा पिसाळलेला. मी दोन्ही हात काखेत धरून बसलो होतो, वरून एव्दोकिया माझ्या मनगटांवर शाल टाकून उभी. आणि काय सांगू, आवाज एकसारखा! एकदा थोडी रेस चढली, थांबली, एकदा उतरली, थांबली. कोंबड्यांनी मान वर केली नाही.

मी हरलो. यंत्राला माझा नमस्कार सांग. असा हात मी बोटीवर चाळीस वर्षांत पाहिला नाही. सगळी परीक्षा त्यालाच देऊ दे, तू नुसती शेजारी बस. सही झाली का ते मात्र लगेच कळव. तोवर शाल काढायची नाही असं पंच म्हणतात.

लोभ आता यंत्रालाही थोडा.
आजोबा

अथेन्स
२१ मार्च

ती. आजोबांना,
आज तिन्ही गालांवर नमस्कार, तिसरा आत्येआजीचा. वि. वि.

शाल काढा. सही झाली.

यंत्र सकाळीच बिघडलं होतं. त्याच्याशिवाय उडायला नियमाने परवानगी आहे, तेव्हा कप्तान वाफियास म्हणाले, चला, आज हातानेच. माळ माझ्या नकाशांच्या कप्प्यात होती. ती त्यांना दिसली, हे काय म्हणून विचारलं. सगळं सांगावं लागलं, मसुरीसकट. ते हसले नाहीत, फक्त माळ उचलून बघितली. चाफ्याच्या रंगाचे मणी बघून जुनी दिसते म्हणाले, आणि खाली ठेवायचं विसरले.

वारा लागला तशी त्यांच्याच हातात टकटक सुरू झाली. घाबरले होते बिचारे, यंत्राशिवाय मी, आणि तो वारा. मग मला सुचलं. दांडा एकदा थोडा हलवायचा आणि तीन मणी पडेपर्यंत हात गोठवायचा. टक, टक, टक, आणि इंजिनाची ओ. शेवटी त्यांनी माळ खिशात टाकली, पण तोवर टकटक माझ्या डोक्यात बसली होती. तुम्ही नमस्कार पाठवलात तो मी घेतला.

एकच वाईट बातमी. माळ अजून त्यांच्या खिशात आहे. सही करणाऱ्याकडे मागू कशी?

लोभ आहे तसाच असू द्या, एकसारखा.
थोमाइस

वारोस
२४ मार्च

चि. थोमाइस हिला,
आशीर्वाद, या वेळी न हलता. वि. वि.

माळ राहू दे त्यांच्याकडे. पुढच्या शिकाऊ पोरांना लागेल. ऑलिव्हची बी सुकली की बदलायची, एवढं त्यांना सांग. मी दुसरी माळ आणली आहे, पंचांच्या परवानगीने.

तो हात तुझा होता हे वाचून पत्र घडी घालून ठेवलं, मग परत उघडलं, असं चार वेळा. एव्दोकिया म्हणाली, आता पत्राचा चाळा.

एक सांगायचं राहिलं. चाकं टेकायच्या जरा आधी एकदा दांडा उगाच हलवलास. मला ऐकू आलं. त्या दिवशी लिहिलं नाही, कारण यंत्र वाटलं, आणि परक्याची चूक काढू नये. तू घरची आहेस.

लोभ आहे. त्याला आपोआप म्हण.
तुझा आजोबा,
स्तामातिस